एका ‘ल’काराची तीन रूपे : अक्षरसंकेतांच्या संयोगाचा इतिहास

नांदेड जिल्ह्यास तेलंगण व कर्नाटक यांची, तर लातूर जिल्ह्यास कर्नाटकाची सीमा लागून आहे. देगलूर-उदगीरच्या परिसरात मराठी, तेलुगू व कन्नड या भाषांचा संपर्क जुना आहे. तिन्हींच्या लिपी ब्राह्मीपासून निघालेल्या असून वर्णक्रमही मूलतः एकच आहे. संगणकाच्या अक्षरसंकेतांत या नात्याचे काय झाले, हे पाहण्यास ‘लातूर’ या नावातील ‘ल’ हा एक वर्ण पुरेसा आहे.

१९८८ व १९९१ साली सिद्ध झालेल्या ‘इस्की’ या भारतीय संकेतात प्रत्येक वर्णास आठ बिटांची, म्हणजे एका बाइटाची, संख्या होती. तिन्ही लिपींतील ‘ल’काराची संख्या एकच असे, लिपीचा निर्देश वेगळ्या खुणेने होई. १९९१ मधील युनिकोडने मात्र प्रत्येक लिपीस १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग दिला. त्यामुळे देवनागरी ‘ल’ २३५४, तेलुगू ३१२२ व कन्नड ३२५० झाला. जुने ऐक्य मोडले, असे प्रथमदर्शनी वाटते.

एका बाइटात २५५ हून मोठी संख्या मावत नाही. म्हणून केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये योजिलेल्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत देवनागरी ‘ल’ २२४, १६४, १७८ या तीन बाइटांत विभागला जातो. वाचताना ‘आणि’ या बिटक्रियेने खुणेचे बिट गाळले जातात; ०, ३६ व ५० उरतात. पहिली संख्या बारा व दुसरी सहा घरे डावीकडे सरकविली जाते. सहा घरे सरकविणे म्हणजे ६४ ने गुणणे. ३६ चे २३०४ होतात. रिकाम्या घरांत ‘किंवा’ या क्रियेने ५० बसविले, की २३५४ ही मूळ संख्या सिद्ध होते. खुणा गाळल्या नाहीत, तर त्या शेजारच्या घरांत मिसळून भलताच वर्ण निर्माण होतो.

आता तेलुगू ‘ल’ २२४, १७६, १७८ आणि कन्नड ‘ल’ २२४, १७८, १७८ असा लिहिला जातो. तिन्हींचा अंत्य बाइट एकच आहे! युनिकोडने विभागांतर्गत क्रम इस्कीचाच राखला, आणि १२८ ही ६४ ची दुप्पट असल्याने तो क्रम अंत्य सहा बिटांत अबाधित राहिला. लिपीचा भेद मधल्या बाइटात, वर्णाचे साम्य अंत्य बाइटात, अशी ही वाटणी झाली आहे.

तथापि हे साम्य संकेताचे आहे, उच्चाराचे नव्हे. तेलुगू-कन्नडमधील ऱ्हस्व एकारास देवनागरी विभागात स्थान असले, तरी मराठी वर्णमालेत तो नाही. इस्कीत ५ बाइटांत मावणाऱ्या ‘लातूर’ या नावास आता १५ बाइट लागतात. मात्र तिन्ही लिपी एकाच लेखात लिपिनिर्देशाच्या खुणेवाचून नांदू शकतात, आणि त्यांचे नातेही पुसले जात नाही.