चेंडू आणि मातीचा पेला

खेळाच्या मैदानावर सर्व समान असतात, हें वाक्य सहज उच्चारलें जातें. परंतु तें खरें करून दाखविण्यासाठीं कोणाला तरी आपलें आयुष्य वेंचावें लागतें, याचा मात्र विसर पडतो. पालवणकर बाळू यांचें चरित्र हें त्याचेंच उदाहरण होय.

१८७६ सालीं धारवाड येथें एका चर्मकार कुटुंबांत बाळूंचा जन्म झाला. पुण्यास युरोपियनांच्या क्लबांत मैदानाची निगा राखणें, जाळीं बांधणें आणि साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकणें, हीं कामें ते अल्प वेतनावर करीत. कॅप्टन ग्रेग यांच्यासारख्या निष्णात फलंदाजाला तासन् तास चेंडू टाकतां टाकतां त्यांच्या डाव्या हाताला विलक्षण कौशल्य प्राप्त झालें. बॅट मात्र त्यांच्या हातीं क्वचितच आली. तो साहेबांचा अधिकार होता.

पुण्याच्या हिंदु संघाला युरोपियनांवर विजय हवा होता, म्हणून बाळूंना संघांत घेण्यांत आलें. त्यांनीं टाकलेला चेंडू सर्वांनीं झेलला. पण चहाची वेळ झाली कीं सोबती आंत बसत आणि बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या वेगळ्या पेल्यांत चहा मिळे. जेवणाचें ताटहि निराळेंच. चेंडूला विटाळ नव्हता, पेल्याला होता!

पुढें ते मुंबईस आले. १९०६ सालीं हिंदूंनीं युरोपियनांचा १०९ धांवांनीं पराभव केला. त्या सामन्यांत बाळूंनीं आठ गडी बाद केले. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं इंग्लंडला गेलेल्या संघानें बहुतेक सामने गमावले, तरी बाळूंनीं त्या दौऱ्यांत शंभराहून अधिक गडी टिपले.

एवढी योग्यता असूनहि कर्णधारपद त्यांच्या वांट्यास आलें नाहीं. १९२० सालीं हा अन्याय असह्य होऊन विठ्ठल व शिवराम या धाकट्या बंधूंनीं संघांतून माघार घेतली आणि आपला निषेध जाहीर केला. लोकमत हळूहळू वळलें. १९२३ सालीं विठ्ठल हिंदु संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षींच्या चौरंगी सामन्यांत त्यांचाच संघ विजयी ठरला.

हा रोग केवळ या देशाचा नव्हता. चेंडू घरंगळवून लांकडी खुंट्या पाडण्याचा बोलिंग नांवाचा खेळ अमेरिकेंत लोकप्रिय आहे. त्याच्या प्रमुख संस्थेनें केवळ गोऱ्यांनाच सभासदत्व देण्याचा नियम लेखी करून ठेवला होता. त्यामुळें जपानी वंशाचे आणि कृष्णवर्णी खेळाडू बाहेर राहिले. दीर्घ झगड्यानंतर १९५० सालीं तो नियम रद्द झाला. लेखी नियम लेखणीनें खोडतां येतो. बाळूंच्या वाटेंतला नियम कोणत्याहि वहींत नव्हता. तो माणसांच्या मनांत आणि त्या मातीच्या पेल्यांत होता. म्हणून तो खोडण्यास भावांचा सारा जन्म खर्चीं पडला.

१९५५ सालीं बाळू निवर्तले. खेळाच्या इतिहासांत त्यांनीं बाद केलेल्या गड्यांची मोजदाद होते. त्या पेल्यांचीहि व्हावी. एरवीं तो हिशेब अपुराच राहील.