मेळा : पद, पेठ आणि प्रतिवाद

गणेशोत्सवातील मेळ्यांच्या पदांची दखल आपल्या वाङ्मयेतिहासाने प्रायः दोन वाक्यांत आटोपली आहे : ही पदे प्रचारकी होती आणि त्यांचे वाङ्मयीन मूल्य बेताचे होते. छापील पदांपुरता हा निर्णय अमान्य करण्याचे कारण नाही. प्रश्न असा, की मेळ्याची संहिता म्हणजे केवळ छापील पद काय? एकसारख्या पोषाखातील मुले, लोकप्रिय नाट्यपदाची चाल, पेठेतील ठरलेले थांबे आणि दारात उभा राहिलेला श्रोता यांच्या मेळातून जे घडे, तो मेळा. पद हा त्याचा केवळ एक घटक.

मुंबईतील १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर, १८९४ मध्ये, टिळकांच्या पुढाकाराने पुण्यातील सार्वजनिक गणेशोत्सवाला व्यापक रूप आले. तोवर येथील अनेक हिंदू मोहरमच्या ताबुतांत हौसेने सामील होत. ताबुतांबरोबर गात-नाचत जाणाऱ्या टोळ्यांचा घाट मेळ्याने उचलला आणि त्याच घाटातून ताबुतांवर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले. ज्या परंपरेकडून रूप घ्यायचे तिच्यापासूनच श्रोत्याला तोडायचे, हा अंतर्विरोध मेळ्याच्या जन्मातच आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात तात्यासाहेब नातूंचा मेळा दारूवाला पुलाजवळच्या मशिदीवरून वाद्ये वाजवीत गेला आणि दंगल उसळली. येथे अर्थ ठरविला तो पदातील शब्दांपेक्षा मिरवणुकीच्या मार्गाने. सामूहिक कलेच्या सामर्थ्याचा गौरव करताना तिची ही हिंसक शक्यता नजरेआड करता येत नाही.

मार्गाचे हे महत्त्व अभ्यासकांआधी सरकारला उमगले. १९१० च्या सुमारास मेळ्यांवर कडक निर्बंध आले. मेळ्यांविषयीची बरीच माहिती आज आपल्याला मिळते ती सरकारी गोपनीय अहवालांतून. तेथे पद येते ते कविता म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. पाळत ठेवणाऱ्याने जपलेले वाङ्मय वाचताना त्याची दृष्टीही आपण नकळत स्वीकारतो, याचे भान ठेवावे लागते.

मेळ्याचे रूप मात्र कोणा एका पक्षाचे होऊन राहिले नाही. १९२० च्या दशकात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या छत्रपती मेळ्याने तेच रूप ब्राह्मणी नेतृत्वाविरुद्ध वापरले. सत्यशोधक जलशांनी खेड्यापाड्यांत घडविलेली प्रतिवादाची परंपरा आता पुण्याच्या पेठांत, प्रतिपक्षाच्याच उत्सवात, उभी राहिली. जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ (१९२५) या पुस्तकावर खटला झाला. त्यातील अपिलात १९२६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी आरोपींची बाजू यशस्वीपणे मांडली. पुस्तकाची ही हकीकत इतिहासात नोंदली गेली. त्या पुस्तकाचा श्रोतृवर्ग ज्या रस्त्यावर घडत होता, तो रस्ता मात्र दुर्लक्षित राहिला.

या दुर्लक्षाची किंमत मोठी आहे. ग्रंथ हेच वाङ्मयाचे एकमेव प्रमाण मानले, की ज्यांच्या हाती छापखाने नव्हते त्यांचे कर्तृत्व आपोआप गळते. म्हणून मेळ्याच्या नोंदीत पदाबरोबर चाल, मार्ग, थांबे आणि सरकारी परवानगीच्या अटी यांनाही स्थान हवे. पद कोणाच्या दारापुढे म्हटले गेले हे कळल्याशिवाय ते प्रचारकी होते की प्रतिकाराचे, हे ठरविण्याचा अधिकार समीक्षेला पोहोचत नाही.