काँग्रेस रेडिओ आणि सुट्या भागांची टंचाई

१९४२ च्या काँग्रेस रेडिओचा इतिहास बहुधा उषा मेहता व त्यांचे सहकारी यांच्या धैर्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि ते यथार्थच आहे. तथापि त्या गुप्त केंद्राची यंत्रसामग्री मिळाली कोणाकडून, या प्रश्नाचा विचार केल्यावाचून तो पुरा होत नाही.

१९३३ च्या कायद्यान्वये परवान्याविना बिनतारी यंत्र बाळगणे हा गुन्हा होता. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हौशी प्रक्षेपणाचे परवाने रद्द झाले आणि यंत्रे सरकारजमा करण्याचे हुकूम निघाले. व्हॉल्व्ह, स्फटिक, रोहित्र ही छंदाची साधने त्यामुळे संशयास्पद ठरली. अशा स्थितीत प्रक्षेपक उभारावयाचा, तर दोघांचाच आधार उरत असे : ही विद्या जाणणारा पूर्वीचा हौशी आणि सामग्री बाळगून असलेला व्यापारी. मुंबईत पहिले साहाय्य नरिमन प्रिंटर या हौशी तंत्रज्ञाचे लाभले; दुसरे, काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिवर्धक पुरविणाऱ्या ‘शिकागो रेडिओ’चे नानिक मोटवानी यांचे.

पुढे तंत्रज्ञाकडूनच पोलिसांना सुगावा लागला व १२ नोव्हेंबर १९४२ रोजी केंद्रावर छापा पडला. खटल्यात उषा मेहता यांना ४ वर्षांची शिक्षा झाली. मोटवानी निर्दोष सुटले.

सुटे भाग व ते जोडणारे हात मुबलक असते, तर कार्यकर्त्यांना इतक्या मोजक्या माणसांवर विसंबावे लागले नसते. केंद्राची उभारणी आणि त्याचा घात, या दोहोंचे एक मूळ या टंचाईत आहे, असे म्हणावे लागते.