यवतमाळ : नाम, जल आणि नगररचना

'यवतमाळ' या नामाचे उत्तरपद मराठी कानाला 'माळ' असेच ऐकू येते. इतिहासदृष्ट्या मात्र ते 'महाल' या महसुली संज्ञेचे झिजलेले रूप मानले जाते. मूळचे गाव येवत अथवा येवती. परगण्याचे मुख्य ठिकाण या नात्याने त्यास 'महाल' हे पद जोडले गेले. हकाराचा लोप स्वाभाविकच होय. लकाराच्या जागी ळकार येण्यास मात्र परिचित 'माळ' शब्दाचे साहचर्य कारण झाले असावे. 'आईने अकबरी'त हा परगणा 'योत-लोहारा' अशा जोडनावाने नोंदलेला आहे. लोहारा हे शहराच्या पश्चिमेस सुमारे 5 किलोमीटरवरील गाव. अकबरकालीन दप्तरास येथे एक गाव दिसत नव्हते, गावांची जोडी दिसत होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

लोकव्युत्पत्ती इतिहासाला धरून नसली तरी भूगोलाला धरून आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 445 मीटर उंचीवरील हे शहर वर्धा व पैनगंगा यांच्या खोऱ्यांमधील पठारी भागात वसले आहे. येथे पडलेले पाणी येथून वाहून जाते. खाली काळा पाषाण. पाणी साठते ते त्याच्या झिजलेल्या थरांत व भेगांत, आणि तेही बेताचेच. अशा माळावर 1901 साली सुमारे साडेदहा हजार लोक राहत होते. 1905 पर्यंत जिल्ह्याचे नाव वणीवरून चालत असे. त्या वर्षी ते यवतमाळ झाले. कचेरी आणि कापूस यांनी शहर वाढविले, पाण्याने नव्हे. 2011 च्या जनगणनेत नगरपरिषद हद्दीत 1,16,551 लोकांची नोंद झाली.

त्यानंतरच्या हद्दवाढीत आसपासची गावे शहरात आली. त्यांपैकी वडगाव, पिंपळगाव व मोहा ही नावे सरळच वृक्षवाचक आहेत; उमरसऱ्याच्या पूर्वपदात उंबर पाहणेही सयुक्तिक ठरते. वाघापुरात वाघ आहे, तो सोडून देऊ. वड, पिंपळ, उंबर व मोह हे सारे मोठ्या सावलीचे वृक्ष. त्यांतील उंबराचा तर पाण्याशी जुना संबंध. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'तील दकार्गल प्रकरणात उदुंबराची गणना भूजलसूचक वृक्षांत केलेली आढळते. गाव वसविणाऱ्यांनी हा ग्रंथ वाचला होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु झाड पाहून विहिरीची जागा ठरविण्याचे ज्ञान ग्रंथावाचूनही चालत आले आहे.

2018 च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह हे जलाशय आटले आणि शहरात नळाचे पाणी पंधरवड्याच्या अंतराने, कधी त्याहूनही उशिरा येऊ लागले. बाभूळगाव तालुक्यातील बेंबळा प्रकल्पावरून पाणी आणण्याच्या योजनेकडे सर्वांचे डोळे लागले. पुढे जुलै 2023 मध्ये अतिवृष्टीने शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. महागाव तालुक्यातील आनंदनगर येथे अडकलेल्यांच्या सुटकेसाठी हेलिकॉप्टर मागवावे लागले. टंचाई व पूर हे दोन निराळे प्रश्न मानून दोन निराळ्या खात्यांकडे सोपविण्याची रीत आहे. शहरापुरते पाहता ती चुकीची वाटते. जी जमीन फरसबंदीखाली गेली, ती पावसाळ्यात पाणी जिरवीत नाही आणि उन्हाळ्यात देतही नाही.

वारसाजतनाची चर्चा निघाली की वेशी, वाडे व शिलालेख यांची यादी केली जाते. या मापाने मोजल्यास यवतमाळ शहराच्या पदरात फारसे काही पडत नाही. जवळच्या कळंबचे उदाहरण मात्र उद्बोधक आहे. तेथील चिंतामणीचे मंदिर जमिनीच्या पातळीखाली असून पायऱ्या उतरून दर्शनास जावे लागते. समोर कुंड आहे. काही वर्षांच्या अंतराने कुंडाचे पाणी वाढून मूर्तीच्या चरणांपर्यंत पोहोचते, अशी श्रद्धा आहे. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी भूजल चढले की उतरले, याकडे पिढ्यान्‌पिढ्या लक्ष ठेवणारा एक समाज तेथे दिसतो. अशी नजर हाही वारसाच होय, आणि तो कोणत्याही यादीत आलेला नाही.

नव्या अभिन्यासांना दिली जाणारी 'नगर'-अंती नावे एकसारखी असतात. त्यांवरून जमिनीचा उतार कळत नाही, झाड कळत नाही, नाला कोठून गेला तेही कळत नाही. विकास-आराखडा तयार करणाराने जुन्या गावठाणांचे नकाशे, शेतांची नावे व सार्वजनिक विहिरी यांची नोंद प्रथम करावी. रस्त्यांची आखणी त्यानंतर. उमरसऱ्याच्या रस्त्याकडेला उंबर लावावयाचा की मूळचा मादागास्करचा गुलमोहर, याचा निर्णयही मग रोपवाटिकेत काय शिल्लक आहे त्यावरून होणार नाही.