'स्थानिक' नभोवाणीची कुळकथा

नभोवाणी केंद्राला लावले जाणारे 'स्थानिक' हे विशेषण आज त्या केंद्रावर कोणाची बोली ऐकू येते आणि कोणाच्या अडचणींची चर्चा होते यावरून ठरत असले, तरी भारतात त्याचा उगम यंत्राच्या दुबळेपणात आहे. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीने मुंबईत आणि पुढच्याच महिन्यात कलकत्त्यात केंद्र सुरू केले, तेव्हा दोन्ही ठिकाणचे प्रक्षेपक अवघ्या दीड किलोवॉट शक्तीचे होते आणि त्यांचा आवाज साधारणतः ४८ किलोमीटरच्या परिघात नीट पोहोचत असे. केंद्र शहरापुरते राहिले ते एवढ्याच कारणाने. १९३० मध्ये ही कंपनी डबघाईला येऊन प्रक्षेपण सरकारच्या हाती गेले आणि १९३६ मध्ये त्या सेवेला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. 'आकाशवाणी' हे नाव मात्र एका गावाने देशाला दिलेले आहे. म्हैसूर येथे प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये सुरू केलेल्या खासगी केंद्राचे ते नाव पुढे राष्ट्रीय सेवेने स्वीकारले, आणि मराठीत आधी रुळलेला 'नभोवाणी' हा शब्द हळूहळू मागे पडून 'नभोनाट्य' यासारख्या सामासिक शब्दांतच मुख्यतः उरला.

स्वातंत्र्यानंतर नागपूर (१९४८), पुणे (१९५३), सांगली (१९६३) अशी केंद्रे उभी राहिली. त्यांच्या कार्यक्रमांची बांधणी 'सभे'वर आधारलेली होती. सभा म्हणजे केंद्र सलग चालू राहण्याचा काळ. सकाळची, दुपारची आणि सायंकाळची अशा सभांमध्ये दिवस विभागला जाई आणि प्रत्येक सभेत भक्तिगीते, शास्त्रीय गायन, भाषण, बाजारभाव, 'वनिता मंडळ', 'कामगार सभा' असे निरनिराळ्या श्रोत्यांसाठीचे कार्यक्रम ठरलेल्या मिनिटाला लागत. या बांधणीने मराठीला फार मोठे देणे दिले आहे; ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे छप्पन्न गीतांचे 'गीतरामायण' १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित झाले, ते या ठरलेल्या वेळेच्या शिस्तीमुळेच घराघरांतल्या दिनक्रमाचा भाग होऊ शकले. तथापि या साऱ्यात बोलणारे केंद्र होते आणि ऐकणारे गाव होते.

हा क्रम प्रथम उलटला तो 'गीतरामायण' चालू असतानाच, त्याच पुणे केंद्रावर, आणि स्थानिक नभोवाणीचे खरे मूळ येथे शोधले पाहिजे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. कल्पना कॅनडातील शेतकरी श्रोतृमंडळांवरून घेतलेली होती, परंतु तिला येथे मिळालेले रूप चावडीवरच्या बैठकीचे होते: आठवड्यातून दोनदा गावातील मंडळींनी रेडिओभोवती जमावे, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकावा, मग संच बंद करून त्याच विषयावर आपसांत चर्चा करावी, आणि चर्चेतून निघालेले प्रश्न व निर्णय चिटणिसाने लिहून केंद्राकडे पाठवावेत, म्हणजे पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे देता येतील. असे वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली, तेव्हा नुसता रेडिओ असलेल्या गावांच्या तुलनेत मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत कितीतरी अधिक भर पडल्याचे दिसून आले. शिवाय काही गावांनी पिण्याच्या पाण्याच्या विहिरी खणण्याचे, जातिवंत वळू विकत घेण्याचे आणि बालवाड्या काढण्याचे निर्णय घेतले. अक्षरओळख नसलेला शेतकरीही या बैठकीत आपले मत मांडू शकत होता आणि ते मत केंद्राला वाचावे लागत होते, ही गोष्ट नभोवाणीच्या इतिहासात अतिशय मोलाची आहे. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. पण संख्या वाढली तशी पुण्याच्या प्रयोगातील ओल तिच्यात राहिली नाही.

दरम्यान करमणुकीची बांधणी बदलली. चित्रपटसंगीताला वेसण घालणारे माहितीमंत्री बाळकृष्ण केसकर यांच्याच कारकिर्दीत, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळल्यामुळे, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू करावी लागली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे तिच्यावर जाहिराती आल्या.

'स्थानिक केंद्र' ही संज्ञा आकाशवाणीच्या कारभारात रूढ झाली ती १९८४ मध्ये तमिळनाडूतील नागरकोईल येथे सुरू झालेल्या केंद्रापासून. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत एफएम केंद्रे निघाली. एफएम म्हणजे लहरींची उंची कायम ठेवून त्यांच्या वारंवारतेत बदल घडवून ध्वनी वाहून नेण्याची पद्धत. तीत खरखर कमी असते, पण वापरातल्या लहरी जवळपास सरळ रेषेत जात असल्यामुळे डोंगराआड पोहोचत नाहीत, आणि म्हणूनच ती एका जिल्ह्यासाठी सोयीची ठरते. या केंद्रांनी ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन गावोगाव जावे अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात माणसे अपुरी पडली आणि बराचसा वेळ सहक्षेपणाने, म्हणजे दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम जसाच्या तसा पुढे पाठवून, भरला गेला.

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. त्याचा पहिला लाभ २००१ पासून सुरू झालेल्या खासगी एफएम वाहिन्यांना झाला, आणि तेथे सभेची जागा दिवसभर वाहणाऱ्या गाण्यांनी घेतली. सामाजिक संस्थांना मात्र नोव्हेंबर २००६ च्या धोरणापर्यंत थांबावे लागले. या धोरणाने सामुदायिक रेडिओला, म्हणजे एखाद्या समूहाने स्वतःसाठी चालवलेल्या केंद्राला, सर्वसाधारणपणे शंभर वॉट शक्तीची मर्यादा घातली आणि निम्मे कार्यक्रम तेथेच तयार झालेले असावेत अशी अट ठेवली. सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यात म्हसवड येथे २००८ मध्ये सुरू झालेले 'माणदेशी तरंग' याच वाटेने आले, आणि १९५६ मध्ये पत्राने केंद्राकडे जाणारा गावकऱ्यांचा आवाज तेथे थेट ध्वनिक्षेपकासमोर आला.

एक बंधन मात्र अजून उठलेले नाही. खासगी असो वा सामुदायिक, आकाशवाणीबाहेरच्या कोणत्याही केंद्राला स्वतः गोळा केलेल्या बातम्या देण्याची परवानगी नाही. पाणीपुरवठ्याच्या किंवा विजेच्या सूचना बातम्यांत मोजल्या जात नाहीत, त्यामुळे गावात उद्या नळाला पाणी किती वाजता येणार हे केंद्राला सांगता येते. पंधरा दिवस ते का आले नाही, याची बातमी त्याला देता येत नाही.