टेकडी आणि वस्ती : भोपाळ नगरातील लोककार्याचा इतिहास

नगराचा इतिहास सामान्यतः त्याच्या राज्यकर्त्यांच्या नावाने सांगितला जातो. भोपाळचा इतिहासही तसाच सांगण्याचा प्रघात आहे. ज्याच्या नावाशी परंपरा मोठ्या तलावाचे बांधकाम जोडते तो अकराव्या शतकातील राजा भोज, अठराव्या शतकात येथे राज्य उभारणारा दोस्त महंमद खान, आणि १८१९ पासून १९२६ पर्यंत एकीमागून एक गादीवर आलेल्या चार बेगमा, एवढे सांगितले की कथा पूर्ण झाली असे मानले जाते. परंतु याच नगराचा दुसराही एक इतिहास आहे. तो ताम्रपटावर कोरलेला नाही. आपल्या घराचा उंबरठा ओलांडून शेजाऱ्याच्या दुःखासाठी जे रस्त्यावर आले, अशा सामान्य स्त्रीपुरुषांचा तो इतिहास होय. अरेरा कॉलनीसारख्या शांत, वृक्षाच्छादित वसाहतीत राहणाऱ्या भाविकांनी तो विशेषेकरून जाणून घ्यावा असा आहे. कारण त्यातून उभा राहणारा प्रश्न थेट त्यांच्या दाराशी येऊन थांबतो.

या इतिहासाचा पहिला अध्याय विलीनीकरणाच्या चळवळीचा. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, तरी नबाब हमीदुल्ला खान यांचे भोपाळ संस्थान भारतात पूर्णपणे विलीन झाले नव्हते. १९४८ च्या अखेरीस प्रजेने विलीनीकरणाची मागणी उघडपणे मांडली. भाई रतनकुमार यांचे ‘नई राह’ हे पत्र या चळवळीचा आवाज बनले. पुढे भारताचे राष्ट्रपती झालेले डॉ. शंकर दयाळ शर्मा यांनी याच लढ्यात तुरुंगवास भोगला. १४ जानेवारी १९४९ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, नर्मदाकाठी बोरास येथील जत्रेत तिरंगा फडकविणाऱ्या जमावावर गोळीबार झाला आणि चार तरुण धारातीर्थी पडले. त्याच वर्षी १ जून रोजी संस्थानाचा कारभार भारत सरकारने हाती घेतला. संक्रांतीच्या स्नानासाठी नर्मदेवर आलेले भाविक आणि तिरंगा उंचावणारे नागरिक त्या दिवशी एकाच घाटावर उभे होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरा अध्याय नव्या भोपाळच्या घडणीचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ त्याची राजधानी झाले. तोवर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याकडे गेले आणि कचेऱ्यांचे दप्तर भोपाळला आले. त्या दप्तरांबरोबर कित्येक मराठी कुटुंबेही आली. ग्वाल्हेर व इंदूर येथील शिंदे-होळकरांच्या जुन्या परंपरेत वाढलेली घराणी त्यांना येऊन मिळाली. त्याच सुमारास अवजड विद्युत यंत्रांचा कारखाना उभा राहू लागला व देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. अरेरा टेकडीवर वल्लभ भवन उभे राहिले. तिच्या आसमंतात शिवाजीनगर, तुलसीनगर अशा सरकारी निवासांच्या वसाहती आणि दक्षिणेस अरेरा कॉलनी वसली.

ही वस्ती कोणत्याही जुन्या गावठाणातून वाढली नव्हती. तिच्या विभागांना ‘ई-१’, ‘ई-२’ अशी अक्षरे व आकडे मिळाले. बसथांब्यांचे क्रमांक हीच स्थळांची नावे झाली, आणि आजही ‘दस नंबर’, ‘साढे छह नंबर’ म्हटले की भोपाळकरास ठिकाण कळते. अशा वस्तीत सर्वच परगावचे. नोकरीत बदली आली की घर सोडायचे, ही मनाची सवय. मंदिरे, मठ, भजनी मंडळे व महाराष्ट्र समाजासारख्या संस्था यांचे मोल येथे दिसून येते. अनोळखी माणसांना एकमेकांचे नाव, सुखदुःख व अडचण ठाऊक व्हावी, यासाठी ठरलेल्या वारी एकत्र बसण्याची एक जागा लागते. लोककार्याचे बीज बहुधा अशाच ठिकाणी पडते.

तिसरा अध्याय मात्र दुःखाचा आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील टाकीतून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. वारा त्यास जयप्रकाशनगर, कैंची छोला, रेल्वे स्थानक व जुन्या शहराच्या दाट वस्त्यांवर घेऊन गेला. नगराच्या ५६ प्रभागांपैकी ३६ प्रभाग पुढे वायुग्रस्त ठरविण्यात आले. पाच लाखांहून अधिक माणसांना त्या वायूची बाधा झाली; मृत्यूंची संख्या सरकारी नोंदीनुसारही हजारोंच्या घरात आहे, आणि पीडितांच्या संघटनांनी ती त्याहून पुष्कळ अधिक मानली आहे. टेकडीच्या दक्षिणेकडील नवी वस्ती तुलनेने बचावली. एकाच नगरात एकाच रात्री एकीकडे प्रेतांच्या रांगा लागल्या आणि दुसरीकडे सकाळी दूधवाला नेहमीप्रमाणे येईल की नाही एवढीच काळजी उरली. वाऱ्याच्या दिशेने केलेला हा भेद कोणाच्या पुण्याईने झाला असे म्हणणे धार्ष्ट्याचे ठरेल.

या आपत्तीनंतर जे लोककार्य उभे राहिले त्याचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. अब्दुल जब्बार हे जुन्या शहरातील एक साधे गृहस्थ. त्यांचे आप्त त्या वायूने नेले. स्वतःची फुफ्फुसे व दृष्टी अधू झाली. त्यांच्या पुढाकाराने ‘भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटन’ उभे राहिले. दान नको, काम हवे, ही त्यांची मागणी होती. स्त्रियांनी शिवणकाम शिकावे, स्वतःच्या हातांनी मिळवावे, आणि त्याच हातांनी आपले अर्जही लिहावेत, हा त्यामागचा विचार. दर शनिवारी यादगार-ए-शाहजहानी उद्यानात त्या जमत. हिंदू व मुसलमान, बुरख्यातल्या व डोईवर पदर घेतलेल्या, अशा बायका झाडाखाली बसून न्यायालयात काय घडले, इस्पितळात औषध मिळाले की नाही, कोणाचा दाखला अडला आहे, याची चौकशी करीत. हा क्रम वर्षानुवर्षे चालला. वारकरी जसा एकादशीचा नेम मोडीत नाही, तसा हा शनिवारचा नेम होता. जब्बार १४ नोव्हेंबर २०१९ रोजी निवर्तले. मरणोत्तर पद्मश्री त्यांना २०२० साली जाहीर झाली. रशीदा बी व चंपादेवी शुक्ल या दुसऱ्या दोन कार्यकर्त्या. १९८९ साली त्या इतर पीडित स्त्रियांसह पायी दिल्लीस गेल्या. २००४ साली त्यांना गोल्डमन पर्यावरण पारितोषिक मिळाले, आणि त्या रकमेतून त्यांनी जन्मतः अपंग बालकांच्या उपचारासाठी ‘चिंगारी’ ही संस्था उभारली.

त्यांच्या पदरी काय पडले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९८९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. पीडितांना विचारण्यात आले नव्हते. त्यांच्या आग्रहामुळे १९९० पासून दरमहा २०० रुपयांचे अंतरिम साहाय्य सुरू झाले, १९९१ साली फौजदारी खटला पुन्हा जिवंत झाला, आणि २००४ साली शिल्लक राहिलेली रक्कम पीडितांतच वाटण्याचा आदेश मिळाला. ७ जून २०१० रोजी कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली गेली. २६ वर्षांनंतरची ही शिक्षा पाहून नगर हळहळले. वाढीव भरपाईची याचिका मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली. म्हणजे चाळीस वर्षांच्या नेमाचे फळ अर्धेमुर्धेच.

आता चौथा अध्याय, जो टेकडीच्या आसमंतातच घडला. तत्पूर्वी २००९ साली मोठा तलाव आटला, तेव्हा नागरिकांनी श्रमदान करून त्यातील गाळ उपसला होता. तलाव सर्वांचा, या भावनेला तेव्हा उजाळा मिळाला. पुढे जून २०२४ मध्ये अशी वार्ता पसरली की शिवाजीनगर व तुलसीनगर येथील जुने सरकारी निवास पाडून मंत्री व आमदार यांच्यासाठी नवी घरे बांधावयाची आहेत, आणि त्यासाठी सुमारे २९ हजार झाडांवर कुऱ्हाड चालणार आहे. ही झाडे राजधानीच्या पहिल्या पिढीतील रहिवाशांबरोबर वाढलेली. भर उन्हाळ्यात आबालवृद्ध बाहेर पडले. स्त्रियांनी खोडांना रक्षासूत्रे बांधली, झाडांची पूजा केली, त्यांना कवटाळून उभ्या राहिल्या. १९७४ साली गढवालातील रेणी गावी गौरादेवी व त्यांच्या सख्यांनी जे केले, त्याची आठवण अनेकांना झाली. वटपौर्णिमेस वडाला सूत गुंडाळणाऱ्या मराठी स्त्रीस या कृतीचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. थोड्याच दिवसांत राज्याच्या नगरविकास मंत्र्यांनी तो प्रस्ताव नामंजूर झाल्याचे घोषित केले.

हा विजय आनंदाचा खराच. तथापि इतिहासाचा अभ्यासक येथे क्षणभर थांबतो. टेकडीच्या आसपासच्या नागरिकांचे गाऱ्हाणे काही दिवसांत ऐकले गेले. कारखान्याजवळच्या वस्तीचे चाळीस वर्षांत पुरते ऐकले गेले नाही. निष्ठा पाहिली तर शनिवारी उद्यानात बसणाऱ्या बायकांची कांकणभर सरसच म्हणावी लागेल. भेद होता तो शब्दाला असलेल्या वजनाचा. जे सचिवालयाच्या सावलीत राहतात, ज्यांच्या घरात निवृत्त अधिकारी, वकील, प्राध्यापक व पत्रकार आहेत, त्यांचा अर्ज कोणत्या मेजावर ठेवावा हे त्यांना ठाऊक असते. हे वजनही एक प्रकारचे धनच आहे. धनाविषयी संतांनी जो दंडक घालून दिला तोच त्यास लागू पडतो: ते केवळ स्वतःसाठी साठविले तर कुजते.

याची कसोटी लवकरच लागली. कारखान्याच्या आवारात चार दशके पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ च्या आरंभी पीथमपूर येथे जाळण्यासाठी नेण्यात आला. तेथील रहिवाशांनी तीव्र विरोध केला. परीक्षणांनंतर न्यायालयाच्या देखरेखीखाली तो कचरा त्याच वर्षी जून अखेरपर्यंत भस्मसात करण्यात आला. कारखान्याच्या परिसरातील भूजलात मुरलेल्या विषाचा प्रश्न मात्र त्याने मिटला नाही. आपल्या अंगणातील विष गेले याचा संतोष मानताना ते कोणाच्या अंगणात गेले हे विचारणे, हा लोककार्याचा पुढचा धडा होय. तो दूरवर जाऊन शिकण्याचेही कारण नाही. अरेरा कॉलनीच्या कडेला असलेला शाहपुरा तलाव आसपासच्या सुखवस्तू वसाहतींच्याच सांडपाण्याने दूषित झालेला आहे. येथे गाऱ्हाणे कोणा परक्या कंपनीविरुद्ध नाही; वादी आणि प्रतिवादी एकाच घरात राहतात.

भगवद्गीतेने ज्ञानी पुरुषास कर्म करण्याचे जे प्रयोजन सांगितले त्यास लोकसंग्रह असे नाव आहे. त्याचा अर्थ केवळ लोक जमविणे असा नव्हे. लोकांना एकत्र धरून ठेवणे, विस्कटू न देणे, हा त्यातील गाभा आहे. भोपाळच्या इतिहासाने या शब्दाचा अर्थ आपल्या परीने उलगडून दाखविला आहे. त्यासाठी ठरलेला वार लागतो, ठरलेली जागा लागते, कागदपत्रे जपून ठेवणारा एक नेटका माणूस लागतो, आणि फळ उशिरा आले तरी न उठणारी बैठक लागते. या चारही गोष्टी मठाच्या भाविकांस परिचित आहेत; साप्ताहिक भजन, उत्सवाचा हिशोब आणि अन्नदानाची पंगत यांतून त्या त्यांच्या अंगवळणी पडल्या आहेत. ज्या सतरंजीवर भजन होते, त्याच सतरंजीवर भजनानंतर अर्धा तास वस्तीच्या पाण्याचा, झाडांचा आणि टेकडीखालच्या शेजाऱ्याच्या अडलेल्या अर्जाचा विचार होऊ शकतो. असा अर्ज लिहून देण्यास, आणि तो योग्य मेजापर्यंत पोचविण्यास, टेकडीवरच्या माणसाइतका समर्थ दुसरा कोण आहे?