बल्गेरियन खेड्यातील पुरुषांची लोकगीते : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक :

बल्गेरियन लोकसंगीत म्हटले की स्त्रियांचे वृंदगान डोळ्यांसमोर येते. स्विस संग्राहक मार्सेल सेलिए यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेली ध्वनिमुद्रिका आणि तिच्या दुसऱ्या भागाला १९९० मध्ये मिळालेला ग्रॅमी पुरस्कार यांमुळे ही प्रतिमा जगभर रूढ झाली. तथापि, बल्गेरियाच्या खेड्यांतून पुरुषही गात असत. त्यांचे गायन अभ्यासकांच्या नजरेआड का राहिले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१) गायनातील श्रमविभागणी :

पारंपरिक खेड्यात वाद्ये प्रामुख्याने पुरुषांकडे व गायन मुख्यतः स्त्रियांकडे होते. टिमोथी राइस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या विभागणीचा संबंध दैनंदिन श्रमाशी जोडला आहे. मेंढरे राखणाऱ्या मुलांना गायदा (कातडी पिशवीचे सुषिरवाद्य) किंवा कावाल (बासरी) शिकण्यास सवड मिळे. स्त्रियांचे हात मात्र सतत कामात गुंतलेले असत. त्यामुळे त्यांना कंठच मोकळा होता. पुरुषांचे गायन विशिष्ट प्रसंगांशी बांधलेले होते.

२) नाताळच्या रात्रीची गीते :

यांपैकी प्रमुख प्रसंग म्हणजे ‘कोलेदुवाने’. २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत तरुणांचा जथा घरोघरी जाई. त्यात प्रामुख्याने अविवाहित तरुण असत. ‘स्तानेनिक’ हा त्यांचा म्होरक्या असे. जथ्याचे दोन गट आळीपाळीने गात. घरधनी, उपवर कन्या, तरुण मुलगा, लहान मूल अशा प्रत्येकासाठी वेगळे गीत असे. शेवटी कडेदार पाव हाती घेऊन घराला समृद्धीचे आशीर्वचन दिले जाई. वसंतातील ‘लाझारुवाने’ हा मुलींचा विधी याला समांतर होता. या विधींतील सहभाग हा विवाहयोग्य वयाला पोहोचल्याचा सामाजिक दाखला मानला जाई. म्हणजेच हे गायन मनोरंजनापुरते नव्हते. तरुणाला गावाच्या व्यवस्थेत स्थान देणारे ते साधन होते.

३) भोजनप्रसंगीची गीते व हैदुत :

दुसरा प्रसंग सणासुदीच्या व लग्नाच्या भोजनाचा. तेथे संथ, ठरावीक तालाचे बंधन नसलेली दीर्घ कथागीते गायली जात. ऑटोमन सत्तेविरुद्ध डोंगरात राहून लढणारे ‘हैदुत’ हा त्यांचा एक आवडता विषय. सुमारे पाच शतकांची ही सत्ता १८७८ मध्ये संपली, पण गीतांतून तिची स्मृती टिकून राहिली. मिलादिनोव बंधूंनी १८६१ मध्ये झाग्रेब येथे प्रसिद्ध केलेल्या संग्रहामुळे अशा गीतांना राष्ट्रीय जागृतीचे साधन म्हणून महत्त्व आले.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. गीताचा नायक पुरुष असला म्हणजे गायकही पुरुषच, असे नव्हे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेलेले हैदुताचे गीत वाल्या बाल्कान्स्का या गायिकेच्या आवाजात असून साथीला गायदा आहे. म्हणून विषय, गायक व प्रसंग या तीन बाबी वेगवेगळ्या तपासणे इतिहासकाराला अपरिहार्य ठरते. शिवाय ही गीते घटनांची नोंद म्हणून नव्हे, तर समाजाने त्या कशा स्मरल्या याचे साधन म्हणून वाचावी लागतात.

४) खेड्यातून रंगमंचाकडे :

१९५१ मध्ये फिलिप कुतेव यांच्या नेतृत्वाखाली राज्य लोकगीत-नृत्य संच स्थापन झाला. त्यात गायन स्त्रियांच्या वृंदाकडे, तर वादन पुरुषांच्या वाद्यवृंदाकडे आले. जुनी विभागणीच नव्या रूपात पक्की झाली. त्याच काळात शेतीचे सामूहिकीकरण व शहरांकडील स्थलांतर यांमुळे खेडी ओस पडू लागली. धार्मिक विधींना साम्यवादी राजवटीचे प्रोत्साहन नव्हते. स्त्रियांचे गाणे रंगमंचावर नेता आले. परंतु कोलेदुवानेला घर, अंगण आणि ओळखीचा घरधनी लागतो. प्रसंग लोपला की गीताचे शब्द उरतात, त्याचे कार्य उरत नाही.

निष्कर्ष :

१. पुरुषांचे गायन मागे पडले ते गुणवत्तेअभावी नव्हे, तर प्रसंगांशी असलेल्या घट्ट बांधणीमुळे.
२. ‘बल्गेरियन आवाज’ ही आजची प्रतिमा बऱ्याच अंशी विसाव्या शतकातील संस्था व ध्वनिमुद्रण यांची निर्मिती आहे.
३. लोकगीतांच्या संकलनात शब्द व चाल यांबरोबरच कोणी, कोठे, कोणासाठी गायिले याची नोंद नसेल, तर इतिहासाचे साधन म्हणून त्यांचे मूल्य निम्मे होते.